एकोणीस कपांचा वायरमन

साहेबराव वायरमननी चहाला नाही म्हटलं, ही बातमी केंदुरात लाइट गेल्याच्या बातमीपेक्षा जोरात पसरली. लाइट तर रोजच जाते. पण पोलवरून उतरलेल्या साहेबरावांनी पुढे आलेला कप परत पाठवला, असं गेल्या बत्तीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

माणूस मोठा रुबाबाचा. वय छप्पन्न, रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली. पण फ्यूज उडाला की आजही तरण्यांना बाजूला सारून स्वतः चढणार. "लाइनीला माझाच हात कळतो," असं बिनदिक्कत सांगणार. आणि उतरले की चहा. ज्याची मोटर चालू झाली त्याचा चहा, ज्याची झाली नाही त्याचाही, कारण त्याला वशिला लावायचा असतो. चहानं भूक मरायची, मग दुपारचा डबा तसाच घरी परत. त्यांच्या पत्नी जाईबाई डबा उघडून कपाळाला हात लावायच्या. अंथरुणाला पाठ टेकली की साहेबराव टक्क जागे. झोप न येण्याचा दोष ते पंखा, डास आणि सरकार यांना आलटून पालटून देत. चहाचं नाव कधी निघालं नाही.

मग एका सकाळी जयसिंगच्या वस्तीवर, पोलच्या टोकाला असताना, त्यांच्या छातीत धडधड सुरू झाली. बोटं थरथरली आणि पक्कड सुटली. ती खाली उभ्या जयसिंगच्या पायापासून वीतभर अंतरावर पडली.

"साहेबराव, मारता का काय मला!" जयसिंग ओरडला.

साहेबराव वरून हसले खरे, पण पोलला मिठी मारून पाच मिनिटं तसेच राहिले. नोकरीत पहिल्यांदाच त्यांना पोलची भीती वाटली. हात असाच कापत राहिला तर उरलेली दोन वर्षं सबस्टेशनात बसून फोन उचलायचे, हे त्यांना डोळ्यांसमोर दिसलं.

लेक तेजश्री शिरूरला लॅबमध्ये कामाला. तिनं बापाला हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ईसीजी चांगला निघाला. रक्त मात्र थोडं कमी.

"दिवसाला चहा किती?" बाईंनी विचारलं.

"चार-पाच," साहेबराव ठामपणे म्हणाले. तेजश्रीनं बापाकडे नुसतं पाहिलं.

"एक दिवस मोजा आणि मग सांगा," बाई म्हणाल्या.

मोजायचं तर मोजायचं. दर कपामागे फ्यूजच्या तारेचा एक तुकडा खिशात टाकायचा, अशी युक्ती साहेबरावांनी काढली. संध्याकाळी जाईबाईंनी तो खिसा परातीत उलटा केला. एकोणीस तुकडे. साहेबरावांनी पुन्हा मोजले. एकोणीसच.

"एखाददुसरा आधीचा आसंल खिशात," ते म्हणाले.

"व्हय, आन् बाकीचे सतरा म्या टाकले," जाईबाई म्हणाल्या.

तुकड्यांची पुडी बघून डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "एवढ्या चहानं कुणाचीही छाती धडधडेल, हात कापेल, झोप उडेल. जेवणावर लगेच चहा ओतला की अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. एकदम तोडू नका, डोकं दुखेल. रोज एक कमी करत दोनावर या. दुपारनंतर एकही नको. आणि डबा खात जा!"

"बाई, दोनावर कसं भागंल?" साहेबरावांच्या आवाजातला रुबाब तेवढ्यापुरता उतरला. लोकांना वाटलं, तलफ नडते. तलफेचं साहेबरावांना काही वाटत नव्हतं, अडचण वेगळीच होती.

साहेबराव गावच्या बौद्धवाड्यातले. त्यांचे वडील जयसिंगच्याच वस्तीवर, त्याची आई झुंबरबाई हिच्या शेतात राबले. त्यांचा चहाचा कप गोठ्याच्या कोनाड्यात वेगळा ठेवलेला असायचा, कान तुटलेला. पिऊन झाला की स्वतः विसळून पालथा घालायचा. पाणी तर वरून ओंजळीत. पुढे साहेबराव वायरमन झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्या वस्तीवर फ्यूज बांधायला गेले. झुंबरबाईंनी चहा आणला तो घरातल्या फुलाफुलांच्या कपात. नोकरीमुळे, की मोटर बंद पडून शेतातला कांदा वाळत चालला होता म्हणून, की मनापासून, कोण जाणे. घरी येऊन साहेबरावांनी वडिलांना सांगितलं.

"कप इसळायला लावला का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"न्हाई."

म्हाताऱ्यानं तेच पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "आता कुणी बी दिला तर न्हाई म्हणू नको."

साहेबरावांनी तो शब्द पाळला. प्रत्येक कप ते बापाच्या वाट्याचाही पीत आले होते, आणि आता तोच कप नाकारायचा होता.

पहिला आठवडा डोकं ठणकलं. घरात सगळ्यांवर खेकसून झालं. पण डबा रिकामा येऊ लागला, आणि झोप अशी लागली की घोरण्यानं जाईबाईंचीच झोप उडाली. हळूहळू गावानंही नकार पचवला. जयसिंगची वस्ती मात्र साहेबरावांनी टाळली. तिथलं काम निघालं की दुसऱ्या वायरमनला पाठवायचे. तीन आठवड्यांनी तो रजेवर गेला आणि नेमका तिथलाच फ्यूज उडाला.

साहेबरावांनी लाइन बंद करून घेतली आणि पोलवर चढले. जयसिंग या वेळी चांगला दहा हात लांब उभा राहिला. हात जराही कापला नाही. काम करून ते ओसरीवर आले, तर ऐंशी पार केलेल्या झुंबरबाई वाट बघत बसलेल्या. सुनेनं चहा आणला.

"चहा न्हाई घेत आता, काकू."

म्हातारीचा चेहरा पडला. "तीन आठवडं फिरकला न्हाईस. आन् आता चहा बी नको? आमच्या घरचं चालंना व्हय रं तुला?"

हा प्रश्न या ओसरीवर, या बाजूनं कुणी विचारील, असं साहेबरावांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना हसू आलं आणि गलबलूनही आलं.

"चालतं की. पानी द्या."

बत्तीस वर्षांत या घरचा चहा शेकडो वेळा ओसरीवर आला होता. पाणी त्यांनी कधी मागितलं नव्हतं. स्वतःची बाटली गाडीला असायची. झुंबरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आत निघालेल्या सुनेला त्यांनी हातानं थांबवलं.

"माठ आत हाय. तूच घी बुडवून."

साहेबराव बूट काढून आत गेले. ते स्वयंपाकघर त्यांनी आज पहिल्यांदा पाहिलं. माठावरची ताटली उचलली, पेला बुडवला आणि उभ्यानंच गटागटा प्यायले. पुन्हा भरून प्यायले. बापाची फार आठवण आली, डोळे भरले. ते बाहीनं पुसून त्यांनी आतूनच, नेहमीच्या खणखणीत आवाजात विचारलं, "काकू, तुमाला बी आणू का?"

ओसरीवर सुनेनं सासूकडे पाहिलं.

"आण की. मला बी तहान लागलीया."

त्यांनी पेला भरून आणला. झुंबरबाई सगळं पाणी प्यायल्या. रिकामा पेला घ्यायला साहेबरावांनी हात पुढं केला, तर त्यांनी तो मांडीशी धरून ठेवला.

"ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "म्या इसळती."