गुणाचा पाय

माझ्या थोरल्या जाऊबाई, सुभद्राबाई, एका हाताने दाराची चौकट धरत, दुसऱ्याने पदर सावरत आणि उंबऱ्यापाशी पालथ्या पडलेल्या माणसाच्या पाठीला डावा पाय तीनदा लावत. लावताना तोंड फिरवून चुलीकडे बघत. लग्न होऊन देऊळघाटला आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे पाहिलं. पालथे पडले होते ते गावचे पाटील, आणि आदल्या दिवशी त्यांच्याच पाया पडायला मला कंबरेत वाकवलं होतं. मला हसू आवरेना. जाऊबाई हळूच म्हणाल्या, "हास, हास. तुह्या पाठीत उसण भरन तवा पाहू."

त्या पायाळू होत्या, म्हणजे जन्मताना पायाकडून आलेल्या. पायाळू माणसाचा पाय लागला की पाठीतली उसण उतरते, हे आमच्याकडे लेकरालाही ठाऊक. आमचा भाजीपाल्याचा मळा, शेजारीपाजारी सगळी वाकून काम करणारी माणसं, तेव्हा दुखऱ्या पाठींना काय तोटा? सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणत असू. त्यांना ह्या सुनेचा भारी अभिमान, पण तो पायापुरता. "पाय घरात पाहिजे," हे त्यांचं पालुपद. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, डोणगावहून जाऊबाईंचा भाऊ त्यांना माहेरी न्यायला आला की आत्याबाई म्हणत, "कांदे काढनं चालू हाय बापा, लोकाइच्या पाठी धरतीन. पाय कसा धाडू?" भाऊ जेवून एकटाच परत जाई. अशा चार आखाज्या माझ्यादेखत गेल्या. तिकडे जाऊबाईंची आई थकत चालली होती आणि लेकीची वाट बघत होती. जाऊबाई भांडत नसत. भाकरी थापता थापता एवढंच म्हणत, "पाय माहा, धनी गाव."

तो पाय बिघडला मळ्यातच. डोक्यावर वांग्यांची पाटी, पाटाच्या चिखलात पाऊल आत मुरडलं आणि घोटा टम्म सुजला. वैद्याने लेप लावून पट्टी बांधली, पंधरा दिवस पाय टेकू नका म्हणाला. पण गुण उघड्या पायाचा, तो पट्टीतून उतरत नाही. रोज कोणीतरी पाठ धरून येई. आत्याबाई पट्टी सोडत, तीनदा पाय लागे, पुन्हा पट्टी. मीही ती दोनदा सोडली आहे आणि त्याची लाज मला अजून वाटते. सूज ओसरली, पण घोट्यात जीव राहिला नाही. सारवलेल्या सपाट अंगणातसुद्धा पाऊल मुरडायचं आणि जाऊबाई खाली. आधी महिन्यातून एकदा, मग आठवड्यातून दोनदा. पुढे पुढे त्या चालताना मान वर करीनाशा झाल्या.

एकदा माझी सहा महिन्यांची मुलगी त्यांच्या कडेवर होती. विहिरीकडून येताना घोटा निसटला. त्यांनी पोरीला दोन्ही हातांनी उचलून धरलं आणि स्वतः तोंडावर पडल्या. पोरीला ओरखडाही नाही, जाऊबाईंचे पुढचे दोन दात गेले. रक्त पुसत म्हणाल्या, "आज विहीर दहा पावलं मागं होती. आता कापू दे नाहीतर तोडू दे."

बुलढाण्याच्या डॉक्टरांनी पाऊल हलवून पाहिलं. हाड शाबूत आहे, पण घोट्याला बाहेरून धरून ठेवणारे बंध सैल पडलेत, असं सांगितलं. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे मोठा दवाखाना म्हणजे नागपूर. तिथले एक सर्जन पायातलीच एक शीर घेऊन, हाडाला भोक पाडून ती त्यातून ओवतात आणि घोटा आवळून देतात म्हणे. जाऊबाईंना लगेच उमगलं. "म्हंजे बाजेची सुतळी ढिल्ली झाली. ताणून घ्या लागते." आत्याबाईंनी मात्र घर डोक्यावर घेतलं. "पायाले सुरी लागली तं गुण जाईन. कापाचं नाव काढू नका." थोरले दीर आईपुढे तोंड उघडत नसत.

मग जाऊबाईंनी शेगावच्या दर्शनाचा नवस काढला. देवाला नाही म्हणायची आत्याबाईंची छाती नव्हती. नवरा-बायको गेले, दर्शन घेतलं, आणि स्टेशनावर आल्यावर जाऊबाईंनी दिरांना नागपूरची तिकिटं काढायला सांगितली. "मायले काय सांगू?" दीर म्हणाले. "सांगा, महाराजानं धाडलं."

परतल्या त्या गुडघ्यापर्यंत प्लास्टर घेऊन. अडीच महिने ओसरीवरच्या बाजेवर. फाटक समोर दिसायचं, जाता यायचं नाही. पाठी तरी येतच होत्या. एक म्हातारा अजिजीने म्हणाला, "हे पांढरंच टेकव वं माय, आतून उतरन." त्या दिवशी मी जाऊबाईंना पहिल्यांदा रडताना पाहिलं.

प्लास्टर निघालं. पोटरी काटकुळी झाली होती, घोट्याखाली लांब व्रण. त्यांनी अंगणात एक पाऊल टाकलं, मग दुसरं. घोटा जागचा हलला नाही. तेवढ्यात पाटील कण्हत आले आणि सवयीने उंबऱ्यापाशी आडवे झाले. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. "उठा पाटील. ज्या शिरंत गुण होता, तेच शीर डॉक्टरनं कापली."

आत्याबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. "म्या म्हटलंच होतं." आपलंच भाकीत खरं ठरलेलं, त्यावर संशय कसा घेणार? त्या आखाजीला भाऊ आला तेव्हा त्यांनी सुनेला अडवलं नाही. आईपाशी महिनाभर राहून जाऊबाई परतल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात आई गेली.

पण खोटं बोलून माणूस सुटतो थोडाच? दोन वर्षांनी आत्याबाईंच्याच पाठीत उसण भरली. आठ दिवस कूस बदलता येईना. जाऊबाईंनी विटेचा शेक दिला, तेल चोळलं, रात्रंदिवस उशाशी बसल्या. पाय तेवढा पदराखाली झाकून घेतलेला.

आत्याबाई गेल्यानंतर पुष्कळ वर्षांनी माझी पाठ धरली. जाऊबाईंनी दार लोटलं, कडी घातली आणि मला पालथं पडायला सांगितलं. मी म्हटलं, "बाई, तुमचा गुण तर गेला ना?"

"पड तू."

एकदा, दोनदा, तीनदा. व्रणाची खरबरीत कड पाठीला लागली. वर पाहिलं तर ह्या वेळी त्यांनी तोंड फिरवलेलं नव्हतं, आणि डोळे भरले होते.

"आत्याबाईले देता आला नाही वं," त्या म्हणाल्या. "एकदा दिला असता तं पुन्हा दारात उभी केली असती मले. कोणाले सांगजो नको."

त्या असेपर्यंत मी कोणाला सांगितलं नाही. उसण संध्याकाळपर्यंत उतरली होती.