लहानूबाबांची तीन मिनिटे

फोनवरची मुलाखत अकराला असली की लहानूबाबा साडेदहालाच टेकाडावर जाऊन उभे राहत. भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला त्यांची वाडी. वाडीत मोबाईलला रेंज मिळे ती फक्त त्या टेकाडावर. अंगात धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी, वर पाऊस अडवणारे इरले, आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला फोन. ऐकणाऱ्यांना केवळ त्यांचा आवाज पोहोचणार असे. मी एकदा म्हणालो, "बाबा, ही टोपी कोणासाठी?"

"गुर्जी, देव दिसत न्हाई म्हनून तुमी सोवळं सोडता व्हय?"

उभा जन्म पूजापाठात आणि संस्कृत शिकवण्यात गेलेल्या मला त्यांनी त्या दिवशी निष्ठेचा अर्थ सांगितला.

पावसाळ्यात धरणाच्या वरच्या भागात पाऊस किती, हे विचारायला बातम्यांच्या वाहिनीवरून त्यांना फोन येई. वेळ मिळे तीन मिनिटांचा. पण पावसाचे वर्तमान हे बाबांचे निमित्त होते. वाडी आणि आमचे गाव यांच्यामध्ये ओढा आहे. त्यांच्या पत्नी ठकूबाई यांना सर्पदंश झाला, तेव्हा ओढा फुगलेला होता. पाणी उतरण्याची वाट पाहताना त्या काठावरच गेल्या. तेव्हापासून बाबांचे मागणे एकच होते: ओढ्यावर पायी जाण्यापुरता साकव.

माझ्या ओसरीवर घड्याळ समोर ठेवून ते बोलण्याचा सराव करीत. मी वाक्ये सुबक करून द्यायला जाई, तर हात वर करून थांबवीत. "आदी साकव, गुर्जी. मंग बाकीचं."

वाडीतली माणसे चेष्टा करीत. "काय बाबा, आज टीव्हीवर लगीन हाय का? टोपी लई पांढरी!" कोणी विचारी, "बांधला का टीव्हीवाल्यांनी साकव?" बाबा शांतपणे म्हणत, "बांधत्याल. पर ज्या दिशी ऐकनारा ऐकंल, त्याच दिशी मी जाग्यावर नसलो तर?" या एका भयापोटी त्यांनी कधीही मुलाखत चुकवली नाही. अंगात ताप असतानाही नाही.

गेल्या श्रावणात अशीच अकराची वेळ ठरली होती. सकाळी नऊला वाहिनीवर मुलाखत घेणाऱ्या बाईंचा मला निरोप आला: आजची मुलाखत रद्द, बाबांचा फोन लागत नाही, कृपया त्यांना कळवा. चातुर्मासात मी दुपारी बारापर्यंत मौन पाळतो; फोन बाजूच्या खोलीत असतो. निरोप मी बारानंतर वाचला. तोवर वादळी पावसाने रेंज गेली होती. नऊ वाजता गुडघाभर पाण्यातून ओलांडता येणारा ओढा दोन्ही काठ भरून वाहत होता.

मी काठावर धावलो. समोरच्या टेकाडावर इरले दिसत होते. पाण्याच्या आवाजात हाक पोहोचेना, म्हणून दोन्ही हात हलवून 'खाली उतरा' अशी खूण केली. बाबांनीही हात उंचावला. मी त्यांना धीर देतो आहे असेच त्यांना वाटले असावे; कारण ते अधिकच ताठ उभे राहिले. अंधार पडेपर्यंत मी काठावर होतो, आणि ते टेकाडावर.

त्यांना ताप भरला. ओढा तीन दिवस उतरला नाही. तिसऱ्या दिवशी वाडीतल्या माणसांनी त्यांना झोळीत घालून पलीकडच्या काठापर्यंत आणले. मी अलीकडून पाहत होतो. थोड्या वेळाने त्यांनी झोळी खाली ठेवली आणि सर्वांनी टोप्या काढल्या. मी हात जोडले. त्याखेरीज त्या क्षणी माझ्या हातांना दुसरे काही करता येत नव्हते.

आठवड्याने त्याच बाईंचा फोन आला. "गुरुजी, उद्या अकराला बाबांविषयी तुम्ही बोलाल का?" मी होकार दिला. साडेदहापासून फोन हातात घेऊन बसलो. फोन अचूक वेळेवर आला. त्यांनी विचारले, "एवढ्या पावसात बाबा दिवसभर का थांबले असतील?"

त्या निरोपाविषयी मी तोवर कोणाजवळही बोललो नव्हतो. तेव्हा बोललो. नऊ वाजता आलेला निरोप, माझे मौन, मी केलेली खूण, सारे क्रमाने सांगितले. मग बाई हलकेच म्हणाल्या, "धन्यवाद, गुरुजी. वेळ संपली आपली."

फोन बंद झाला, आणि माझ्या ध्यानात आले की त्या तीन मिनिटांत मी केवळ माझाच अपराध सांगत राहिलो. साकव हा शब्द माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.