सतरा नावांपुढे एकच अंगठा

सतरा अंगठ्यांचं ते प्रकरण मला अजून जसंच्या तसं दिसतं. हिंगोली जिल्ह्यातल्या एका लहान ठाण्याची तेव्हा मी प्रभारी होते. सकाळची हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत होते, तेवढ्यात घरपट्टीचा लिपिक रजिस्टर छातीशी धरून आत आला.

"मॅडम, एक बाई सतरा वेळा हजर!"

एका गल्लीतल्या सतरा जणांनी नव्या घरपट्टीविरुद्ध अपील केलं होतं. त्यांच्या गुरांच्या गोठ्यांना राहती खोली धरलं होतं. सुनावणी ठेवली कामाच्या दिवशी, सकाळी अकराला. रजिस्टरात सतराही नावांपुढे अंगठे उमटले, खोलीत मात्र एकच म्हातारी. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी ती थांबवली आणि तोतयेगिरीचा गुन्हा नोंदवायला लिपिकाला आमच्याकडे धाडलं.

मी भिंग लावलं. प्रत्येक ठशावर विळ्याच्या जुन्या जखमेची तीच आडवी रेघ. पाच मिनिटांत गुन्हा दाखल झाला असता. पण इतका सरळ पुरावा मला नेहमी खटकतो. लबाड माणूस निदान बोट तरी बदलतो.

बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपायाला घेऊन मीच तिच्या घरी गेले. गुडघ्यांमुळे तिची रानातली कामं सुटली होती. दिवसा गल्लीत ती एकटीच असायची.

"मावशी, हे अंगठे कोणाचे?"

"माझेच की."

"सगळे?"

"व्हय. कारकून म्हनला, हजर हायेत त्येंनी अंगठा करा. मी केला."

"पण ती माणसं कुठे हजर होती?"

"त्येंची कैफियत माझ्याजवळ व्हती ना बाई? मंग त्ये हजरच."

"सांगा बरं एकेकाची कैफियत."

तिने सांगितली. कोणाचा गोठा किती हात, कोणाची भिंत कुडाची, कोणाच्या पत्र्याखाली नुसता कडबा. सतराही घरं, न अडखळता. लिहून घेणाऱ्या शिपायाचं पेन मागे पडलं. सगळं सांगून झाल्यावर तिने हळूच विचारलं, "मला नेऊन राहिले का? मंग म्हशीची धार कोन काढील?"

जबाब पडताळणं भाग होतं. आम्ही जीप घेऊन शिवारात गेलो. सोयाबीनची सोंगणी ऐन भरात होती आणि आभाळ भरून आलं होतं. सुनावणीला स्वतः काहून गेला नाहीत, असं मी विचारलं.

एका तरण्या बाईने विळा न थांबवता उत्तर दिलं, "अकरा वाजता रिकामं कोन राहतंय बाई? साहेबच!"

सगळे हसले. एक म्हातारबा मात्र कंबर सरळ करून उभा राहिला. "मावशीला आमीच धाडलं. तिला आत टाकायचं तर आमाला बी टाका. मंग सुनावणी तुमच्या ठान्यातच घ्या, समदे एका जागी गावतील."

बोलला तिरकस, पण वाट त्यानेच दाखवली.

चौकशी अहवालात मी लिहिलं: फसवणुकीचा हेतू नाही, गुन्हा दाखल करण्यास कारण नाही. तो अहवाल घेऊन मी स्वतः सुनावणीच्या साहेबांकडे गेले. त्या गावात बाजाराच्या दिवशी रानातली कामं बंद असतात. त्या संध्याकाळी शाळेच्या आवारात बसा, असं मी सुचवलं.

"पोलिसांनी घरपट्टीत का पडावं?" त्यांनी विचारलं.

"तक्रार तुम्हीच पाठवलीत, साहेब."

त्यांनी अहवाल पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी तारीख बदलली.

बाजाराच्या पिशव्या हातात घेऊनच माणसं आली. साहेबांनी एकेकाचं ऐकलं आणि गोठे पुन्हा मोजायला लावले. बहुतेक गोठे गोठेच निघाले. दोन ठिकाणी खरोखर माणसं राहत होती, तिथली आकारणी कायम राहिली. त्या दोघांनी ती कुरकुर न करता मान्य केली. ज्याचं म्हणणं ऐकून घेतलं जातं, तो नकारही पचवतो, हे मी त्या संध्याकाळी शिकले. पुढच्या सुनावण्या बाजाराच्या दिवशीच होत राहिल्या.

नातवंडांनो, तुमच्या आजीने बरेच गुन्हे उघडकीस आणले, त्यांच्या नोंदी सेवापुस्तकात आहेत. या प्रकरणाची तिथे एक ओळही नाही, कारण गुन्हा दाखलच झाला नाही. सगळ्या नोकरीत मला सर्वांत जास्त अभिमान वाटतो, तो त्या न लिहिलेल्या ओळीचा.