क्ष-किरणांचा कंजूष

घरी आलेल्या माणसाला तिसरा कप चहा पाजल्याशिवाय काका सोडत नाहीत, तरी इस्पितळात त्यांचं नाव ‘कंजूषकाका’. अँजिओग्राफीच्या खोलीत ते तंत्रज्ञ आहेत, आणि रोग्याच्या अंगावर एक क्ष-किरण जास्त पडला तरी त्यांचा चेहरा कुणी तोंडचा घास पळवल्यासारखा होतो.

त्या खोलीत डॉक्टर रोग्याच्या शिरेत बारीक नळी सरकवतात आणि पायाखालचं पेडल दाबून ती पडद्यावर बघतात. पेडल दाबलेलं तोवर किरण चालू. मागून काका ओरडणार, “साहेब, पाय!” जिथे सेकंदाला पंधरा चित्रं घ्यायची, तिथे काका निम्म्यावर भागवणार, पाठीच्या एकाच जागी मारा होऊन कातडी भाजू नये म्हणून यंत्राचा कोन मधूनमधून बदलायला लावणार. चित्र धुरकट आहे अशी डॉक्टरांनी कुरकुर केली, की “लग्नाचा फोटो काढायचाय का साहेब?” डॉक्टर हसत आणि पाय उचलत. बारा वर्षं असं चाललं. या माणसाला आपणच वळण लावलं, असं काका कौतुकानं सांगत.

मग काकांच्या थोरल्या बहिणीच्या मूत्रपिंडाची शीर अरुंद झाली.

“तुमची ताई ती माझी ताई,” डॉक्टर म्हणाले. “पण तुमचे हात थरथरतील. तुम्ही बाहेर बसा.”

काका बाहेर बसले. शीर मोकळी झाली, ताई हसत वॉर्डात आली. दुसऱ्या दिवशी काकांनी सवयीनं यंत्रातले आकडे उघडले. एवढ्याशा कामाला नेहमीच्या चौपट किरण. चित्रांचा वेग सगळ्यांत वरचा, कोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच.

काकांच्या जागी उभा राहिलेला दुसऱ्या पाळीचा तंत्रज्ञ मान खाली घालून म्हणाला, “शेजारच्या सभागृहात पाहुणे डॉक्टर मोठ्या पडद्यावर थेट बघत होते, काका. साहेब म्हणाले, आज काटकसर नको.”

काका तडक साहेबांच्या खोलीत गेले.

“पडद्यावर स्वच्छ दिसायला हवं होतं हो,” डॉक्टर म्हणाले. “शीर मोकळी झाली ना?”

“साध्या वेगावरही झाली असती. ताईला विचारलंत?”

“त्यांना काय कळणार त्यातलं? आणि हे बघा, तो आकडा फाइलमध्ये ठळक करू नका. आपलं घरातलंच आहे.”

‘घरातलंच’ हा शब्द काकांना लागायचा तिथे लागला. त्यांनी फाइल ओढली, आकडा लिहिला, खाली दोन रेघा मारल्या आणि पुढे लिहिलं : पाठीची त्वचा काही आठवडे तपासत राहावी.

वॉर्डात ताई खुशीत होती. “तुझ्या डॉक्टरांनी फार जपलं हो मला!”

“नाही जपलं, ताई.” काकांनी सगळं सांगितलं. पाठ लाल होईल किंवा होणारही नाही, पण रोज बघायला हवी, हेही.

ताई बराच वेळ चादरीची घडी नीट करत राहिली.

“तू आत असतास तर झालं असतं का रे हे?”

“नाही.”

“मग बाहेर का बसलास?”

“त्यांनी सांगितलं म्हणून.”

ताई कुशीवर वळली आणि झग्याच्या मागच्या नाड्या सोडू लागली. “बघ,” ती म्हणाली. “आजपासूनच बघ. आता मी दुसऱ्या कुणाला दाखवायची नाही.”