नुसत्या टाळ्या

बायको मुलीच्या मुरगळलेल्या पायाला आंबेहळद लावत होती आणि त्या वासानं मी थेट बडोद्यातल्या माझ्या तरुणपणीच्या तरसालीच्या मैदानावर पोचलो.

फुटबॉल खेळताना माझ्या पायाचा अंगठा उलटा दुमडला होता. रेल्वेच्या संघाची निवड होईपर्यंत फुटबॉलच्या सरांनी आंबेहळदीचा लेप आणि पूर्ण विश्रांती सांगितली होती. निवडीच्या आदल्या संध्याकाळी मात्र ‘नुसत्या टाळ्या वाजवीन’ म्हणत मी अनवाणीच गरब्यात शिरलो. बडोद्याचा पाय टाळीवर थांबतो होय!

सकाळी सुजलेला अंगठा बुटात शिरेना. सरांनी माझा काळाकुट्ट तळवा पाहिला.

“काय रे भाई, गरबो रमून आलास ना?”

माझी जागा त्यांनी जिग्नेशला दिली. मी चक्क हसलो. वाटलं, पुढच्या वर्षी बघू. ते वर्ष आलंच नाही.

आता अंगठा वाकत नाही. नवरात्रात मी खुर्चीत बसून नुसत्या टाळ्या वाजवतो.