शांताच्या सीटवरचं पोतं

जुन्या गाडीचं सस्पेन्शन अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात माझ्याइतकं कोणालेच समजत नाही! म्हणजे, हा शब्द मी यंदाच शिकलो. शाळा तर सातवीतच सुटली. पण दारव्ह्यात रशीदभाई मिस्त्रींच्या गॅरेजात सहा महिने बाकड्यावर बसलं की किस्से साचतातच. त्यांच्या ट्रेमध्ये साचतात तसे, कोणत्या गाडीचे ते सांगता न येणारे नट!

गाडी माझी. अ‍ॅम्बेसेडर, माझ्यासारखीच म्हातारी. बायको, शांता, दहा वर्षांपासून तिच्यात बसली नाही. आता तिचे गुडघे गेले, एसटीची पायरी चढवत नाही, अन् पोरगी दिली राळेगावला. मी सगळ्यांना सांगत आलो, "गाडी वळणावर लय झुकते, म्हणून भेते बिचारी." शेवटी सगळं सस्पेन्शन खोललं, अन् समोर जाड स्वे बार टाकायचं ठरवलं.

*

"हा स्वे बार करते काय, भाई?"

रशीदभाई म्हणाले, "दोन दारुड्यांच्या खांद्यावर एक बांबू बांधला समजा. एक झुकला का दुसरा त्याले धरते. ही सळी दोन चाकांले तशीच धरते."

"अन् दोघंबी पडले तं?"

"तं समजायचं, गाडी तुम्ही चालवून राह्यले!"

*

जुनी सळी करंगळीएवढी, नवी अंगठ्याएवढी. यवतमाळच्या वर्कशॉपातून ती आणली माझ्या दोस्तानं, तांड्यावरच्या देविदासनं, एसटीत घालून.

कंडक्टर म्हणाला, "हिचं तिकीट लागते."

"फाडा. पण मंग तिले खिडकी द्या, तिले गाडी लागते!"

तिकीट फाटलं नाही.

*

सळी धरून ठेवणाऱ्या रबरी बुशचे नट गाडी जॅकवर असताना कसायचे नसतात. गाडी जमिनीवर पाहिजे, अन् आत माणसांचं वजन. ड्रायव्हरच्या जागी मी बसलो. बाजूला शांता पाहिजे, ती तर येणार नाही. मग तिच्या सीटवर सोयाबीनचं पोतं ठेवलं.

"वहिनीले सांगू नका," रशीदभाईंनी हात जोडले.

मी अन् गप्प बसणार! घरी जाऊन पहिले तेच सांगितलं.

शांता भाकर थापत होती. वर न पाहता म्हणाली, "मंग पोत्यालेच न्या पोरीकडं."

*

पोत्यालेच नेलं, राळेगावच्या रस्त्यावरच्या मोठ्या वळणापर्यंत. पोतं जागचं हललं नाही! मागच्या सीटवरून देविदास म्हणाला, "भाऊ, हे तं वहिनीपेक्षा शांत बसलं."

त्याच्या बाजूला बसलेले रशीदभाई मात्र हसले नाहीत. "वहिनीले आणा," एवढंच म्हणाले.

*

त्या वळणाचं एक मी गॅरेजात कधी सांगितलं नव्हतं. दहा वर्षांआधी तिथंच, गंमत म्हणून, मी ओरडलो होतो, "ब्रेक गेला!" शांतानं दार उघडून उडी मारली. गाडी धीमी होती, म्हणून नुसतं मनगट मोडलं. ते अजून पुरतं वळत नाही.

परवा ती बसली. एक हात दाराच्या हँडलवर. वळण आलं, गेलं. गाडी पाटासारखी सपाट!

"पाह्य शांते, झुकली का?"

"नाही झुकली."

"मंग हँडल कायले धरून राह्यली?"

ती समोर पाहत म्हणाली, "तवाबी मी गाडीले भेली नव्हती. तुम्ही ब्रेक गेला म्हणले, म्या खरं मानलं. त्याची सळी हाये का रशीदभाईपाशी?"