टीव्हीचा आवाज बंद होता

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. दीड वर्ष मी भुताच्या सिरियलमध्ये काम केलंय... हडळ झालेली बाई माझ्याच शेजारी बसून वडापाव खायची! त्यामुळे हसायचं तर हसा, पण पूर्ण वाचा.

आमचं घर सोलापूरला, सात रस्त्याजवळ, दोन खोल्यांचं. आप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात जॉबर – माग बिघडले की दुरुस्त करायचे. कुर्डुवाडीचं रेल्वेतलं स्थळ ठरत आलं होतं, आणि मी ते मोडून सिरियलसाठी मुंबई गाठली. तेव्हापासून त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं. सहा वर्षं! मी फोन केला की आईकडे द्यायचे. दिवाळीला घरी गेले की मुद्दाम कारखान्यात जाऊन बसायचे. हट्टात मी त्यांचीच लेक, मीही कधी "चुकलं" म्हटलं नाही.

पण रोज जेवण उरकून साडेसातला माझी सिरियल लावायचे... आवाज बंद करून. आई म्हणायची, "आवं, जरा आवाज तर करा की!"

"बोलणं सोडलंय न्हवं? मग ऐकू कसं? नुसतं बघतो."

हे आईने फोनवर सांगितलं त्या दिवशी मी मेकअप रूममध्ये इतकी रडले की मेकअप पुन्हा करावा लागला.

आता आमच्या कामातली एक गोष्ट. डेली सोपमध्ये क्लोजअपला समोरचा नट बहुतेक वेळा नसतोच. कॅमेऱ्याशेजारी स्टँडवर टेपचा तुकडा चिकटवतात, त्याच्याकडे बघून हसायचं, रडायचं. त्या टेपच्या जागी मी आप्पांना बसवायचे. टेक सुरू होण्याआधी मनात म्हणायचे, "आप्पा, जेवलात का?" फक्त मनात. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

गेल्या वर्षी आप्पा अचानक गेले. हार्ट अटॅक. मी पोहोचले तेव्हा दारात माणसं जमली होती.

तेरावं उरकल्यावर आई म्हणाली, "नंदे, तू टीव्हीतनं आप्पांना 'जेवलात का' म्हणून कसं गं इचारलंस?"

"कधी?" मी विचारलं.

आप्पा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. सिरियल चालू, माझा क्लोजअप आला, आणि खोलीत माझा आवाज आला – "आप्पा, जेवलात का?" शेजारच्या पद्माक्का तिथेच मेथी निवडत होत्या. त्याही म्हणाल्या, "मला पन आयकू आलं की!"

"चुकून म्यूट निघालं असेल," मी म्हटलं.

"रिमोट त्यांच्याच हातात व्हता," आई म्हणाली. "तेवढंच आलं, पुन्ना काय न्हाय."

"मग आप्पा?"

"म्हणाले, 'जेवलो गं बाळ.'"

तो एपिसोड मी ॲपवर कितीदा पाहिला असेन, मोजलं नाही. क्लोजअप आहे. माझे ओठ मिटलेले आहेत. एडिटिंगमधल्या मित्राला मूळ फुटेज काढायला लावलं – त्यातही काही नाही. एका डॉक्टर मैत्रिणीचं म्हणणं, दुःखात असे भास होतात. पण बाई गं, तेव्हा दुःख होतं कुठे? आप्पा धडधाकट बसले होते!

एक्सप्लनेशन माझ्याकडे नाही, आणि खरं सांगायचं तर आता ते शोधतही नाही. मला आप्पा हवे आहेत, बस्स.

परवा आईने आणखी एक सांगितलं. वर्षभर तिने ते पोटात ठेवलं होतं. "जेवलो" म्हटल्यावर आप्पांनी टीव्हीकडे बघून विचारलं होतं, "तू जेवलीस का?" तेवढ्यात जाहिराती लागल्या.

"मग त्यांनी आवाज चालू केला," आई म्हणाली, "आन् वाट बघत बसले, पार सिरियल संपस्तवर."

त्या एपिसोडमध्ये पुढे माझा एकही सीन नव्हता.